चाळणी म्हणजे पुरावा नव्हे

संपादक महोदय,
गरोदरपणात कोणते औषध चालते हे सांगणारी टोरांटोची ‘मदरिस्क’ हेल्पलाइन बालरोग व विषतज्ज्ञ डॉ. गिडियन कोरेन यांनी १९८५ मध्ये सुरू केली. ते काम मोलाचेच. पण त्याच नावाच्या प्रयोगशाळेने केसांतील अमली पदार्थ शोधताना पायरी गाळली. एलायझा ही प्रतिपिंडांच्या साहाय्याने पदार्थ शोधणारी झटपट प्राथमिक चाचणी, म्हणजे नुसती चाळणी. मिळत्याजुळत्या रेणूंनाही ती ‘पॉझिटिव्ह’ म्हणते. रेणूंचे वस्तुमान मोजून पदार्थ ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री करावीच लागते. नमुना आधी धुवायचा, नाहीतर केसांना बाहेरून चिकटलेला धूरही मोजला जातो. निवृत्त न्यायाधीश सुझन लँग यांच्या २०१५ च्या चौकशी अहवालाने २००५ पासूनच्या या चाचण्या अविश्वसनीय ठरवल्या. तोवर मुलांच्या ताब्याच्या खटल्यांत या चाचण्यांवर विसंबल्याने कित्येक आयांची मुले दुरावली होती! न्यायालयांनी अशा चाचणीच्या अहवालासोबत खात्रीच्या चाचणीचा आलेख मागितलाच पाहिजे.

– एक वाचक