आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : फलक लावा, पण तपासणीचा वारही ठरवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की पुण्यात स्तनाच्या कर्करोगाविषयी मोहिमा सुरू होतात. गुलाबी टी-शर्ट, सकाळची दौड, चौकात फलक. हा सगळा देखावा आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या आजाराचा घरात उच्चारही होत नाही, तो रस्त्यावर मोठ्या अक्षरांत दिसतो, याचं मोल मी पर्वतीजवळच्या जनता वसाहत या वस्तीत बायकांच्या बैठकांत पाहते.

तिथे हमखास ऐकू येतं, "दुखत तर नाही, मग कशाला दाखवायचं?" घात इथेच होतो. सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखत नाही. काखेतली गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्त, हे बाईनेच बाईला नीट समजावून सांगावं लागतं. एकदा बैठक उठल्यावर धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी मागे रेंगाळल्या. सगळ्या गेल्यावर त्यांनी माझा हात धरून पदराआड काखेशी नेला. "उद्याच दवाखान्यात जा," म्हटलं, तर म्हणाल्या, "सकाळची कामं सोडून? आणि तपासायला बाई असते का तिथं?"

साहेब, मोहीम अडते ती इथे. मावशींची कामं सुटतात तेव्हा ओपीडी बंद झालेली असते.

केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत तिशीपुढच्या स्त्रियांची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी करायची असं म्हटलंच आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने दीड लाखांवर स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका निम्म्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी हाताने तपासत. त्यांच्यातले कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढणारं, महागडं यंत्र नसतानाही!

म्हणून मागणी साधी आहे. शहरातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातली एक संध्याकाळ, पडदा असलेली खोली आणि तपासणी शिकलेली परिचारिका द्या. फलकावर घोषणेखाली त्या केंद्राचा पत्ता, वार, वेळ छापा. गाठ सापडली तर बायोप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याची, तारीख तिथेच हातात पडू द्या. रोगाचं निदान ६० दिवसांत व्हावं असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पुढच्या ऑक्टोबरचे फलक छापायला जाण्याआधी हा आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक आरोग्य कार्यकर्ती, पर्वती, पुणे