मग पुन्हा का?

प्रिय ओम,

अनेक आशीर्वाद.

काल डॉक्टरांकडून परत येताना तू सगळ्या वाटेत एकच वाक्य बोललास. "लहानपणी झालं होतं ना ऑपरेशन, मग पुन्हा का?" मी समोर रस्त्याकडे बघत राहिलो. उत्तर ठाऊक होतं, पण तोंडातून निघेना. म्हणून लिहितोय.

तू जन्मलास तेव्हा तुझी लघवीची जागा टोकाला नव्हती, खालच्या अंगाला, जरा मागे होती. याला हायपोस्पेडियस म्हणतात. साधारण २०० ते ३०० मुलग्यांमागे एकाला ते असतं. पोटात असताना, पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत लघवीची नळी मागून पुढे मिटत येते. तुझी वाटेतच थांबली. यात कुणाची चूक नव्हती. आपण तेव्हा काय खाल्लं, काय उचललं, याचा हिशेब तुझी आई कितीतरी रात्री करत बसली. तो करायची काहीच गरज नव्हती.

अकरा महिन्यांचा होतास तेव्हा ऑपरेशन झालं. नंतरचा आठवडाभर तुला दोन लंगोट असायचे, एकावर एक. आतल्याला भोक पाडायचं, त्यातून कॅथेटरची नळी काढायची आणि बाहेरच्या लंगोटात सोडायची. नर्सने मला शिकवलं होतं. आईचे हात थरथरायचे, म्हणून ते काम माझं. नळी काढली त्या दिवशी पहिली धार सरळ माझ्या शर्टावर आली. शर्ट भिजला तरी मी जागचा हललो नाही, धार थांबेपर्यंत बघत राहिलो.

मग पुन्हा का? कारण ऑपरेशनमध्ये शिवून केलेली लघवीची नळी मूळ नळीसारखी नसते. मूळ नळीभोवती रक्ताने भरलेला एक मऊ थर असतो. जिथे नळी नव्याने बनवतात तिथे तो अपुरा असतो. त्यातून जखम भरताना व्रण आक्रसतो. तुझ्या गुडघ्यावरचा टाक्यांचा वण बघ, बाजूच्या कातडीला कसा ओढून धरतो. हेच नळीच्या आत गोलाकार झालं की वाट अरुंद होते. काहींना ते ऑपरेशननंतर काही महिन्यांतच कळतं, काहींना कित्येक वर्षांनी, वयात येताना.

आता माझी चूक सांगतो. वयात येईपर्यंत मुलाला अधूनमधून दाखवत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाच वर्षांपर्यंत मी नेलं. सगळं छान दिसत होतं, मग सोडून दिलं. पुढे तू दार लावून घ्यायला लागलास, आणि लावणारच की. मी मात्र बाहेरून ओरडायचो, "आत झोपलास की काय?" मला आवाज ऐकू यायचा. बारीक धार, मग शांतता, मग पुन्हा थोडी. कितीदा ऐकलं, पण कधी लक्षात आलं नाही. तू आत जोर लावत होतास, आणि सगळ्यांनाच एवढा वेळ लागतो असं समजत होतास. त्या ओरडण्याबद्दल मला माफ कर.

गेल्या वर्षी थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ झाली, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. युरोफ्लोमेट्रीचा, म्हणजे धारेचा वेग मोजतात त्या तपासणीचा, तो कागद मी जपून ठेवलाय. चांगल्या धारेचा आलेख घंटेसारखा चढतो नि उतरतो. तुझा पठारासारखा, लांबच लांब सपाट होता. सेकंदाला जेमतेम ६ मिली. तुझ्या वयात १५ च्या वर सहज जायला हवी. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही पिशवीत १२० मिली शिल्लक दिसली. हे असंच चालू ठेवलं तर पिशवी जोर लावून लावून जाड होते, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि शेवटी मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून थांबायचं नाही.

दुर्बिणीतून तो व्रण कापून पाहिला, चार महिन्यांत धार पुन्हा बारीक झाली. तू काही कमी केलंस म्हणून नव्हे. कापलेला व्रण भरताना पुन्हा व्रणच होतो, आणि हायपोस्पेडियसच्या ऑपरेशननंतरच्या आकुंचनात हा उपाय बऱ्याचदा टिकत नाही.

आता दोन टप्प्यांत करायचं आहे. आधी खराब भाग उघडून गालाच्या आतलं अस्तर तिथे बसवतील. ते अस्तर ओलाव्याला सरावलेलं असतं, त्यावर केस उगवत नाहीत, आणि नव्या जागी ते चांगलं रुजतं. गाल काही दिवस दुखेल, पण लवकर भरेल. मग साधारण सहा महिने थांबायचं. तेवढ्या काळात लघवीची जागा पुन्हा खाली असेल, बहुतेक बसूनच करावी लागेल. तुला हेच सगळ्यात जड जाणार, मला माहीत आहे. दुसऱ्या टप्प्यात त्या अस्तराची नळी करून शिवतील, आणि दोन-तीन आठवडे कॅथेटर राहील.

एक गोष्ट आयुष्यभर लक्षात ठेव. कुठेही, कशासाठीही ॲडमिट झालास, तर कॅथेटर घालायच्या आधी सांगायचं, "माझ्या मूत्रमार्गाचं ऑपरेशन झालेलं आहे." लाजायचं नाही. अशा नळीत कॅथेटर जोर करून घातला तर इजा होते. आणि धार बारीक झाली, फाटली, वेळ लागायला लागला, तर त्याच आठवड्यात मला सांग. मला सांगणं नको वाटलं तर थेट डॉक्टरांना सांग.

तुझ्या मनात आणखीही प्रश्न असतील. ताठरता येताना टाके दुखतील का, पुढे लग्नानंतर काय. ते बापासमोर विचारवत नाहीत. कागदावर लिहून घे. सोमवारी मी बाहेर बाकावर बसेन, तू एकटा आत जा.

तुझा,
बाबा