विमानं किती घेतली ते कळलं. ती सांभाळणार कोण?

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली

अण्णा,
स.न.वि.वि.

भोसरीत यंत्रांच्या सुट्या भागांचा माझा छोटा व्यवसाय आहे. त्यातला बराच माल ग्वांगझूच्या बाजूनं येतो. कँटन फेअर या तिथल्या मोठ्या व्यापारी जत्रेच्या निमित्तानं तिकडं जाणं होतं, त्यामुळं चायना सदर्न एअरलाइन्सची विमानं ओळखीची झालीत. निळी शेपटी आणि तिच्यावर लाल फूल. ते फूल काटेसावरीचं आहे. ग्वांगझू शहरानं ते आपलं मानाचं फूल ठरवलंय. आपल्याकडं ताम्हिणीच्या वाटेवर पानं झडलेल्या झाडावर उन्हाळ्याच्या तोंडी फुलतं तेच.

या कंपनीबद्दल तुम्हाला चार गोष्टी सांगायच्या आहेत. चीनची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. गलवानमध्ये जे झालं ते विसरून धंदा करावा, असंही माझं मत नाही. पण आपण हजार-हजार विमानांच्या ऑर्डरींच्या बातम्या वाचून खूश होतो, तेव्हा शेजाऱ्यानं एवढी विमानं पदरी कशी बाळगली, हे एकदा नीट बघायला हवं.

आकडा आधी सांगून टाकतो. २०२४ अखेर चायना सदर्नकडं, शियामेन एअरलाइन्ससारख्या तिच्या उपकंपन्या धरून, नऊशेहून जास्त विमानं होती. आपल्या देशातल्या इंडिगो, एअर इंडिया, अकासा, स्पाइसजेट सगळ्यांची मोजली तरी आपण आठशेच्या आसपास घुटमळतो. त्या वर्षी त्या एका कंपनीनं १६ कोटींहून जास्त प्रवासी नेले. भारतातल्या सगळ्या कंपन्यांनी मिळून देशांतर्गत नेलेले प्रवासीही त्याच वर्षी १६ कोटींच्या थोडे पुढं होते. तिथं अशा आणखी दोन मोठ्या सरकारी कंपन्या आहेत, एअर चायना आणि चायना ईस्टर्न. त्यांचा हिशोब इथं नको, नाहीतर पत्र लांबेल.

हे सगळं स्वकर्तृत्वावर झालं असं समजू नका. चीनमध्ये पूर्वी एकच सरकारी खातं विमानंही उडवायचं आणि नियमही तेच करायचं. १९८०च्या दशकाच्या शेवटी ते फोडून प्रादेशिक कंपन्या काढल्या, त्यात ग्वांगझूच्या वाट्याला चायना सदर्न आली. १९९७ मध्ये ती हाँगकाँग आणि न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात गेली. मग २००२ च्या फेररचनेत सरकारनं चायना नॉर्दर्न आणि शिंजियांग एअरलाइन्स तिच्या पदरात टाकल्या. विमानं, मार्ग आणि माणसं अशी आयती ताटात पडली. आपल्याकडं जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा असं काही घडलं नाही. घडायला हवं होतं असंही नाही. प्रत्येक बुडत्या कंपनीला सरकारनं हात द्यायचा म्हटलं, तर तो हात शेवटी तुमच्या-आमच्याच खिशात जातो.

माझा मुद्दा त्या ताटाबाहेरच्या गोष्टींचा आहे.

२४ नोव्हेंबर १९९२ ला ग्वांगझूहून ग्वेलिनला निघालेलं चायना सदर्नचं बोइंग ७३७ डोंगरावर आदळलं. १४१ माणसं होती, एकही वाचलं नाही. चीनमध्ये विमानं झपाट्यानं वाढत होती आणि ती हाताळणारी माणसं त्या वेगानं तयार होत नव्हती, असा तो काळ. पुढच्याच वर्षी या कंपनीनं ऑस्ट्रेलियात पर्थजवळ स्वतःची वैमानिक शाळा काढली. जंदाकोट विमानतळावर तिचं ठाणं होतं, आणि पूर्वेला गव्हाच्या पट्ट्यात मेरेडिन नावाच्या गावाजवळची धावपट्टी मुलांच्या सरावासाठी घेतली होती. मोकळं आकाश, कोरडी हवा, गर्दी नाही आणि इंग्रजीत बोलल्याशिवाय सुटका नाही. चिनी पोरं तिथं जाऊन वैमानिक होऊन परतायची. घरी आल्यावर पुढचं शिक्षण झुहाईच्या सिम्युलेटर केंद्रात. तेही कंपनीचंच, सुरुवातीची बरीच वर्षं सीएई या कॅनडाच्या कंपनीबरोबर भागीदारीत. एवढं करूनही मधल्या काळात चिनी कंपन्यांना परदेशी कॅप्टन भरमसाट पगारावर आणावे लागले. ही माणसं रातोरात तयार होत नाहीत.

सीएई हे नाव तुम्हाला नवीन नाही. आपल्या गोंदियात, बिरसीच्या धावपट्टीवर विमानतळ प्राधिकरणाबरोबर भागीदारीत वैमानिक शाळा चालवते ती हीच कंपनी. म्हणजे बी आपल्याकडंही पडलेलं आहे. पण आजही आपली मुलं कर्ज काढून अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड गाठतात. परत आल्यावर परवान्याचं रूपांतर, मग एखाद्या विशिष्ट विमानाचं रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याची पात्रता, त्याचा खर्च पुन्हा बापाच्या माथी. आमच्या ओळखीतल्या एका घरानं पोरासाठी शेत विकलं. परवाना हातात आहे, नोकरी नाही. आणि कंपन्या म्हणतात, वैमानिक मिळत नाहीत. दोन्ही खरं आहे, कारण कंपन्यांना हवा असतो उड्डाणाचे तास भरलेला कॅप्टन, आणि ते तास नोकरी मिळाल्याशिवाय भरत नाहीत.

डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते तुम्ही आतून पाहिलंय. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची घडी विस्कटली. एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. लोहगावला लोक बॅगांवर डोकं टेकून झोपलेले दिसत होते. इंडिगोकडं तेव्हा चारशेच्या घरात विमानं होती, शिवाय शेकड्यांनी ऑर्डरी पक्क्या होत्या. विमानांची ददात नव्हतीच. वैमानिकाला पुरेशी झोप मिळावी हा नियम अचानक आकाशातून पडलेला नव्हता. कंपनीला तो कधीपासून माहीत होता. तरी शेवटी नियमालाच तात्पुरती मुरड घालावी लागली. आपल्या वाढीत कच्चं काय आहे, ते त्या आठवड्यात सगळ्या देशाला दिसलं.

आता हँगरचं. बाययुन विमानतळावर विमान धावपट्टीकडं सरकत असताना खिडकीतून देखभालीच्या शेडी दिसतात. ती गामेको. १९८९ मध्ये हाँगकाँगच्या भांडवलदारांना बरोबर घेऊन काढलेली देखभाल कंपनी. साल बघा: चायना सदर्न स्वतंत्र कंपनी म्हणून धड उभी राहायच्या आधीच तिची कार्यशाळा सुरू झाली होती. विमानाची मोठी तपासणी, ज्याला सी-चेक म्हणतात, ती म्हणजे घराचं आतून-बाहेरून काम काढण्यासारखी असते. खुर्च्या बाहेर, फरशा उचललेल्या, वायरिंग उघडं, सांध्यांत गंज धरलाय का ते टॉर्च मारून पाहायचं. यंत्राच्या धंद्यात असल्यामुळं मला ठाऊक आहे, की असं काम पाहत पाहत जो हाताखालून तयार होतो, तोच पुढं इंजिनिअर म्हणून सही करू शकतो. गामेकोत आज जुन्या प्रवासी बोइंगांची मालवाहू विमानं करून देण्याचं कामही होतं, म्हणजे बाहेरच्या कंपन्या पैसे देऊन विमानं तिथं आणतात.

आपल्याकडं नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगनं उभारून दिलेलं देखभाल केंद्र आहे. एअर इंडियानं केलेल्या मोठ्या विमानखरेदीच्या बदल्यात ते मिळालं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडं गेली, पण हे केंद्र चालवणारी एआयईएसएल ही कंपनी सरकारकडंच राहिली. एअर इंडिया स्वतःचं नवं केंद्र बेंगळुरूला उभारतेय. तुमच्या सरकारनं सुट्या भागांवरचा कर २०२४ मध्ये सरसकट पाच टक्क्यांवर आणला, हैदराबादला सफ्रानचं इंजिन दुरुस्ती केंद्र आलं, हे चांगलंच झालं. पण देशाच्या मधोमध, तयार हँगर आणि शेजारी विदर्भातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची रांग असलेलं नागपूर अजून भरून वाहत नाही. का, हे तुम्हीच सांगू शकाल.

ऑर्डरींच्या बाबतीतही शेजारी धूर्त निघाला. तिथं कंपन्या स्वतः बाजारात जाऊन किरकोळीत विमानं घेत नाहीत. बहुतेक मोठी खरेदी सरकारी संस्थेमार्फत एकगठ्ठा होते. जुलै २०२२ मध्ये तिन्ही मोठ्या सरकारी कंपन्यांनी एअरबसची मिळून २९२ विमानं एका दमात घेतली, त्यातली ९६ चायना सदर्नची. अशा घाऊक खरेदीच्या जोरावर एअरबसला तियानजिनमध्ये ए३२० जुळवण्याचा कारखाना काढावा लागला, २००८ मध्ये. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथं दुसरी जुळणी लाइन सुरू झाली. आपल्या एअर इंडियानं २०२३ मध्ये ४७० विमानं सांगितली, इंडिगोनं ५००. प्रवासी जेटच्या जुळणीचा कारखाना मात्र आपल्याकडं आलेला नाही. आमच्या पट्ट्यात विमानांचे भाग बनवू शकणारी माणसं आहेत, हे मी रोज बघतो. खासगी कंपन्यांना काय घ्यायचं ते सरकारनं सांगू नये, मान्य. पण एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला भाव करता येतो, हेही आपण विसरू नये.

आता जे घेऊ नये ते.

चायना सदर्ननं हौसेनं पाच ए३८० घेतली, चीनमधली एकमेव. पहिलं २०११ मध्ये आलं. बीजिंगहून परदेशी जाणारे मलईदार मार्ग एअर चायनाच्या हातात, म्हणून हे दुमजली धूड सुरुवातीला बीजिंग-ग्वांगझू अशा देशातल्याच फेऱ्या मारत बसलं. पुढं लॉस एंजेलिस, सिडनी झालं, पण ताळा काही जमला नाही. २०२२ मध्ये पाचही निघाली. पांढरा हत्ती कसा असतो ते बघायचं असेल, तर हेच उदाहरण पुरे. आणि हा खर्च कुणाच्या जिवावर? २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं कंपनी तोट्यात होती. एकट्या २०२२ मध्ये ३,२०० कोटी युआनहून जास्त. सरकार पाठीशी असल्यावर तोटा पचतो. एप्रिल २०२४ मध्ये तिनं कोमॅक या चिनी सरकारी कंपनीची १०० सी९१९ प्रवासी विमानं मागवली, त्यातही धंद्याइतकाच देशाचा मान आहे. इंजिनं पाश्चात्त्यांची असल्यानं आणि उत्पादन रखडत असल्यानं ती ठरल्या वेगानं हातात पडत नाहीयेत.

दुसरं त्याहून गंभीर. मार्च २०२२ मध्ये चायना ईस्टर्नचं विमान कोसळून १३२ माणसं गेली. त्याचा अंतिम अहवाल वर्षं उलटली तरी लोकांसमोर आला नाही. आपण अहमदाबादच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात प्रसिद्ध केला. त्यावर उलटसुलट बरंच बोललं गेलं, तरी तो लोकांच्या हातात आहे. अंतिम अहवालही तसाच, काहीही न झाकता, येऊ द्या.

अण्णा, मागण्या थोड्याच आहेत.

एक, नवी विमानं आणायची परवानगी देताना कंपनीकडून लेखी घ्या: या विमानांसाठी कॅप्टन किती, सहवैमानिक किती, इंजिनिअर किती, आणि ते आज पगारावर आहेत की कागदावर. हा तक्ता दर सहा महिन्यांनी संसदेत ठेवा. डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, तो तपासायचा तर तिथंही माणसं हवीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदीय समितीनंच सांगितलं, की डीजीसीएतली जवळपास निम्मी पदं रिकामी आहेत. तपासणाराच अपुरा असेल, तर तक्ता काय कामाचा?

दुसरी गोंदिया आणि नागपूरची. गोंदियात शिकलेल्या मुलाला थेट कंपनीत सहवैमानिकाची जागा मिळेल असा करार कंपन्यांकडून करून घ्या. फी कंपनी भरेल, मुलगा पगारातून फेडेल. आणि मिहानचं केंद्र विकायचं असेल तर विका, चालवायचं असेल तर चालवा, पण अधांतरी ठेवू नका.

तिसरी माझ्या स्वार्थाची, लपवत नाही. पाच वर्षं थेट विमानं बंद होती, तेव्हा आम्ही सॅम्पलच्या पिशव्या घेऊन बँकॉक-सिंगापूरमार्गे फिरलो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू, नोव्हेंबरमध्ये दिल्ली-ग्वांगझू ही विमानं इंडिगोनं सुरू केली. यंत्रं आणि सुटे भाग मागवणारे आम्ही लोक मात्र पुणे, कोल्हापूर, इचलकरंजी, नाशिकला बसलोय. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालाय. तिथून ग्वांगझूला थेट विमान द्या, आणि दोन्ही देशांच्या उड्डाणांचा हिशोब करताना आपल्या कंपन्यांचा वाटा त्यांच्याइतकाच राहील हे बघा. नाहीतर नऊशे विमानांची कंपनी फेऱ्या वाढवत जाईल आणि आमचं भाडंही तिच्याच गल्ल्यात पडेल.

उत्तर मराठीतच पाठवलंत तरी चालेल. अधिवेशनात यातला एखादा प्रश्न कुणी विचारला आणि तुम्ही आकड्यांनिशी उत्तर दिलंत, तर मग मला वेगळं पत्रही नको.

आपला,
भोसरीतला एक लघुउद्योजक