आधी दंड, मग घटना

लंडन

प्रिय अव्या,

सांगलीत विनोदी नटांचं मंडळ काढतोयस आणि घटनेतल्या उद्दिष्टांच्या कलमापाशी अडलायस, हे वाचून हसू आलं. इथल्या 'ग्रँड ऑर्डर ऑफ वॉटर रॅट्स' या नटांच्या मंडळाची गोष्ट ऐक. त्यांच्याकडे आधी तट्टू आलं, मग मंडळ.

साल १८८९. जो एल्विन आणि जॅक लोटो हे म्युझिक हॉलचे नट. गाणी, नकला, कसरती, सोबतीला बिअर, असा तो म्युझिक हॉलचा मामला. दोघांचं 'मॅगपाय' नावाचं तट्टू शर्यती मारायचं आणि तो पैसा हे दोघं अडल्यानडल्यांसाठी वापरायचे. एकदा धो धो पावसात तट्टू घरी नेताना एका बसवाल्याने हटकलं, हे काय रे? शर्यतीचं तट्टू, म्हटल्यावर तो म्हणाला, मला तर पाणउंदीर वाटला! (तेव्हा बसला घोडेच असत, म्हणजे शेरा जाणकाराचा.) झालं, दोघांनी मंडळ काढलं, त्याला नावही हेच मिळालं.

मग अध्यक्ष 'किंग रॅट', चिटणीस 'स्क्राइब रॅट'. त्या काळचा सर्वांत लाडका विनोदी नट डॅन लेनो तीनदा किंग रॅट झाला. पुढे चॅप्लिन, लॉरेल-हार्डी, पीटर सेलर्स आले, राणीचे यजमान प्रिन्स फिलिपसुद्धा. किंग्ज क्रॉसजवळ त्यांच्याच नावाचा पब आहे, बॉब डिलन १९६२ मध्ये तिथे गायला होता. पण ते राहू दे.

मला आवडला तो बिल्ला. प्रत्येकाच्या कोटावर सोन्याचा उंदीर. बिल्ल्याशिवाय दुसऱ्या सभासदाच्या तावडीत सापडलास की दंड, आणि ती रक्कम धर्मादाय कामाला. वर्गणी मागताना तोंड कसनुसं होतं रे, दंड मात्र हसत हसत वसूल होतो.

थट्टेपायी जमलेली हीच माणसं पुढे खमकी निघाली. थिएटरवाले दुपारचे जादा खेळ फुकटात करून घेऊ लागले, तेव्हा १९०६ मध्ये कलावंतांची युनियन उभी राहिली. तिचा पहिला अध्यक्ष जो ओ'गॉर्मन हाही उंदीरच! १९०७ मध्ये संप झाला. मरी लॉइड तर केवढी मोठी नटी, तिचं काही अडलं नव्हतं, तरी छोट्या कलावंतांसाठी तीही संपात उतरली. एल्विनने कलावंतांसाठी मदतनिधी उभा केला, त्यातून १९११ मध्ये ट्विकेनहॅमला ब्रिन्सवर्थ हाउस घेतलं. थकलेल्या कलावंतांचं ते घर अजून चालू आहे. आपल्याकडे सोंगाड्याची म्हातारपणी काय परवड होते, ते तुला मी काय सांगू?

एवढं करूनही मरी लॉइडला मंडळात जागा नव्हती, कारण सभासद फक्त पुरुष. बायकांना १९२९ मध्ये 'लेडी रॅटलिंग्ज' ही वेगळी चूल मांडावी लागली. एवढी एक गोष्ट त्यांच्याकडून उचलू नकोस. वहिनींना पहिल्या बैठकीपासून घे. तुम्हा दोघांत टायमिंग कुणाचं, हे गावाला ठाऊक आहे.

तेव्हा उद्दिष्टं नंतर लिही, आधी बिल्ला ठरव. सांगलीकरांना हळकुंडच शोभेल. दंड मात्र शंभराच्या खाली ठेवू नकोस, नाहीतर बापू मुद्दाम विसरून येईल. माझं वर्षाचं किती होईल ते कळव, आगाऊ भरून टाकतो.

तुझा,
नंद्या