शनिवारची शाळा आणि देहरीची वाडी

महोदय,

शाळांच्या परसबागांविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून मजकूर येतो आणि नैसर्गिक शेतीविषयी तर कृषी पुरवणीत नेहमीच येतो. परंतु हे दोन्ही विषय ज्यांच्या आयुष्यात एकत्र आले होते, त्या भास्कर सावे यांचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो. आढळला तरी ‘नैसर्गिक शेतीचे प्रणेते’ एवढ्या विशेषणावर भागवले जाते. ते मूळचे प्राथमिक शाळेतील मास्तर होते ही गोष्ट गळून जाते, आणि त्यांच्या शेतीचे मर्म मला तरी त्या मास्तरकीतच दिसते.

सावे यांचा जन्म २७ जानेवारी १९२२ रोजी देहरी या समुद्रकाठच्या गावी झाला. हे गाव आज गुजरातमधील वलसाड जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात असले, तरी १९६० पर्यंत हा तालुका आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. काही वर्षे शाळेत शिकवून ते पूर्णवेळ शेतीत उतरले. त्या काळी रासायनिक खतांचे मोठे अप्रूप होते. सावे यांनी ती खते स्वतः वापरली, त्यांची एजन्सीही घेतली आणि आदर्श शेतकरी म्हणून इतरांना त्यांचा आग्रह केला. पुढे दरवर्षी खर्च वाढतो आहे आणि हाती उरते ते मात्र कमी, हे स्वतःच्याच हिशेबात दिसू लागले, तेव्हा त्यांनी तो मार्ग सोडला. आपणच गावाला शिकवलेला धडा चुकला होता हे चारचौघांत कबूल करून पाटी पुसणारे शिक्षक मी माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत फारसे पाहिले नाहीत. (त्यात मीही आलो.)

त्यांच्या ‘कल्पवृक्ष’ या सुमारे चौदा एकरांच्या वाडीत माड आणि चिकू हे मुख्य. आधी भाजीपाला, मग केळी, पपई, शेवगा आणि त्यांच्या सावलीत वाढणारी दीर्घायुषी झाडे, अशी आयुष्यमानाप्रमाणे लावलेली ती रचना होती. नांगरणी, खत, तण, पाणी आणि कीड या पाच गोष्टींत शेतकऱ्याने कमीत कमी लुडबुड करावी, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. त्यातला पाण्याचा धडा मी स्वतः गिरवला आहे. घोलवडजवळच्या आमच्या वाडीत वडिलांपासून चिकूच्या बुंध्याशी आळे करून ते तुडुंब भरण्याची पद्धत होती. सावे सांगत की झाड उंचवट्यावर असावे, पाणी दूरच्या चरात द्यावे, म्हणजे मुळे पाण्याच्या शोधात पसरतात आणि मातीला वाफसा, म्हणजे ओल आणि हवा यांचा मेळ, राहतो. मी निवृत्तीनंतर दोन रांगांची आळी बुजवली, मधे चर खणले आणि त्यांत झावळ्या व पालापाचोळा टाकला. पहिल्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढले. तिसऱ्या वर्षी चराच्या कडेची माती बोटांनी उकरताना गांडुळांच्या विष्ठेचे काळे मणी हाताला लागले आणि केसासारखी पांढरी मुळे तिथवर आलेली दिसली. लागणारे पाणी तर निम्म्यावर आले होते.

जपानमधील नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते मासानोबू फुकुओका यांनी ही वाडी पाहून आपल्या शेताहूनही ती सरस असल्याचे म्हटले होते. ‘आयफोम’ या सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये सावे यांना जीवनगौरव दिला. परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते जुलै २००६ मधील त्यांचे खुले पत्र. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला असताना, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष आणि भारतातील हरितक्रांतीचे जनक मानले जाणारे एम. एस. स्वामिनाथन यांना त्या क्रांतीचा जाब विचारला. थोड्याशा क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे बहुतेक पाणी कसे पिऊन टाकतो, हे सांगताना त्यांनी दाखला दिला तो महाराष्ट्राचा. आम्ही तो अजून नीटसा वाचलेला नाही. त्यांचे सगळेच म्हणणे शास्त्रज्ञांना पटेल असे नाही, आणि भरपूर पावसाच्या किनारपट्टीवरची पद्धत दुष्काळी माणदेशात जशीच्या तशी चालेल असे मलाही वाटत नाही. पण निरीक्षणाची शिस्त कुठेही चालावी.

सावे यांची वाडी पाहुण्यांसाठी शनिवारी दुपारी खुली असे. प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळते: शनिवारी सकाळची शाळा असते आणि दुपार मोकळी. २४ ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. वाडी कुटुंबीयांनी पुढे राखली.

आज परसबागेच्या नावाखाली शिक्षकांकडून वाफ्यांची छायाचित्रे मागवली जातात आणि मुले मेथी उगवेपर्यंत रांगेत उभी राहतात. त्यापेक्षा डहाणू-तलासरीतील मुलांना एखाद्या शनिवारी अशी वाडी दाखवावी, अशी माझी शिक्षण विभागाला विनंती आहे. मी नोकरीत असताना एकदा तसा प्रस्ताव दिला होता. देहरी आमच्यापासून अगदी जवळ. परंतु मधे राज्याची हद्द असल्याने सहल ‘परराज्यातील’ ठरली आणि कागद पुढे सरकेपर्यंत पावसाळा लागला. सीमेवरच्या तालुक्यांपुरती तरी ही अट शिथिल करता येईल का, एवढे आपल्या स्तंभातून संबंधितांना विचारावे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. डहाणू, जि. पालघर