रेसिपी छापता, पण बाटली भरायची कशी ते कोण सांगणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा आला की पेपरांच्या पुरवण्यांत सरबतांच्या रेसिप्या सुरू होतात, कोकम सरबत, पन्हं, जांभळाचा ज्यूस, अननसाचा क्रश, वाचायला बरं वाटतं, फोटोही मस्त असतात, आणि शेवटची ओळ बहुतेक ठरलेली, गार झाल्यावर स्वच्छ बाटलीत भरून ठेवा. माझी तक्रार त्या एका ओळीबद्दल आहे. रस टिकवायचा असेल तर गार करून भरायचाच नसतो हो, कढत असतानाच भरायचा असतो, बाटलीसुद्धा गरम लागते, आणि स्वच्छ म्हणजे नुसती नळाखाली विसळलेली नव्हे.

आमच्या सावईवेऱ्याला कुळागरं आहेत, म्हणजे माडा-पोफळींच्या सावलीत अननस, बांधावर भिरंडांची (म्हणजे कोकमाची) दोन-चार झाडं, वर डोंगरावर काजू, आणि सगळं एकदम एप्रिल-मेमध्ये अंगावर येतं. खाऊन किती खाणार, वाटून किती वाटणार, आणि फ्रिजचं म्हणाल तर वळवाचं वारं सुटलं की वीज गेलीच, मग आत काय ठेवलंय त्याचा भरवसा नाही. शेजारच्या वहिनींनी मोबाईलवर बघून अननसाचा रस प्लास्टिकच्या बाटल्यांत भरला आणि माळ्यावर ठेवला, आठवडाभरात बाटल्या टम्म फुगल्या, एकीचं बूच उडून रस कौलांपर्यंत गेला आणि मग मुंग्याच मुंग्या. रसातलं यीस्ट जिवंत राहिलं की दुसरं काय होणार.

तर जे छापायला हवं ते असं. रस गाळून स्टीलच्या भांड्यात ८५ ते ९० डिग्रीपर्यंत तापवायचा, धो-धो उकळायचा नाही, नाहीतर वासही जातो आणि चवही. थर्मामीटर नसेल तर भांड्याच्या कडेने बारीक बुडबुडे यायला लागले की समजायचं. काचेच्या बाटल्या आधीच पाण्यात उकळून गरम ठेवलेल्या असाव्यात, गळ्याशी बोटभर जागा सोडून रस ओतायचा, काठ ओल्या फडक्याने पुसायचा (इथे बहुतेक जणी आळस करतात), सोड्याच्या बाटलीला असतं तसलं पत्र्याचं नवं बूच हातमशीनने मारायचं. मग मोठ्या टोपाच्या तळाशी जाड फडकं घालून बाटल्या उभ्या करायच्या, पाणी गळ्यापर्यंत, आणि उकळी आल्यापासून अर्धा तास. काढल्यावर आडव्या ठेवून आपोआप गार होऊ द्यायच्या, गरम बाटली ओल्या फरशीवर ठेवलीत तर तडकलीच.

पण हे सगळं आंबट फळांनाच चालतं, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असेल तर उकळत्या पाण्याने काम भागतं. त्याच्या वर गेलं की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू, जे बंद बाटलीत हवेशिवायच वाढतात, त्यांचे स्पोअर (बीजाणू) १०० डिग्रीला मरत नाहीत, त्यांना प्रेशरखाली १२१ डिग्री लागते, आणि वासावरून काही कळेलच असं नाही. भिरंड, अननस, करवंद, लिंबू यांची काळजी नको. पपई, चिकू, पिकलेला फणस, शहाळ्याचं पाणी हे घरी बाटलीत बंद करायच्या भानगडीत पडूच नये. आंबा मधलाच, फार पिकलेला मानकुराद असेल तर भरपूर लिंबू पिळावं. आणि सोलकढी बाटलीत भरून विकू का असं विचारणारेही भेटतात, नारळाचा रस आहे त्यात, सकाळची संध्याकाळी टिकत नाही!

भिरंडांचं मात्र सोपं आहे. साली वेगळ्या, बिया वेगळ्या (बियांचं भिरंडेल होतं, पायाच्या भेगांना त्याच्यासारखं औषध नाही), किलोभर सालींना दोन किलो साखर, बरणीत थरावर थर, तोंडाला फडकं बांधून उन्हात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साली आक्रसून चामड्यासारख्या होतात आणि लालभडक रस वर चढतो, पण तळाला साखरेचा घट्ट थर बसलेला असतो, तो लाकडी पळीने रोज ढवळावा लागतो. साखर इतकी असली की ती स्वतःच राखते, उकळायची गरज नाही. आणि एक, दुकानदार प्रिझर्वेटिव्ह म्हणून केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) हातात देतो, ते लिंबाला अननसाला ठीक, भिरंडाला जांभळाला घातलं की रंग उडतो, तिथे सोडियम बेन्झोएट, तेही काट्यावर तोलून, चिमटीने नव्हे.

बोंडूंचं, म्हणजे काजूच्या फळांचं, तर बोलायलाच नको. फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, चांगलंच झालं, पण ज्यांच्याकडे भट्टी नाही ते बी पिरगळून काढतात आणि बोंडू तिथेच कुजतो, संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त सी व्हिटॅमिन असलेलं फळ. नीरो, म्हणजे बोंडूंचा ताजा रस, काही तासांत आंबायला लागतो म्हणून कुणी हात लावत नाही. घशाला लागतो ते टॅनिन, लिटरला चमचाभर साबुदाणा शिजवून घातला की ते खाली बसतं, वरचा निवळ रस घ्यायचा, लिंबू घालायचं, तापवून वरच्यासारखाच भरायचा.

उत्तर प्रदेशात, हिमाचलात सरकारची सामुदायिक कॅनिंग सेंटरं आहेत, आपली फळं न्यायची, थोडी फी द्यायची आणि भरलेल्या बाटल्या घरी आणायच्या. आपल्याकडे जुन्या गोव्यात एलाला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) कृषी संशोधन संस्था आहे, गावोगाव सेल्फ हेल्प ग्रुप आहेत, पंचायतीचे हॉल आहेत जे वर्षातले निम्मे दिवस कुलूपबंद असतात. एप्रिल ते जून, तीनच महिने, तालुक्यातल्या एका हॉलमध्ये स्टीमचं मोठं भांडं, बूच मारायचं मशीन, पीएच मीटर आणि शिकवायला एक माणूस, एवढं सरकारी खातं करू शकत नाही का? घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी चालूच असते, बायका येतील, त्याची काळजी नको. तोपर्यंत तुम्ही निदान रेसिपीखाली तापमान आणि वेळ छापा, अर्धा कॉलम पुरेल. बाटल्यांचं ज्याचं त्यानं बघावं, भंगारवाल्याकडे बियरच्या रिकाम्या मिळतात, फक्त काठाला टवका उडालेली घेऊ नये.

आपली एक वाचक,
सावईवेरे, फोंडा