आई-बाबा, कैलासला निघालेय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

कैलास-मानसरोवरच्या सोडतीत माझं नाव लागलंय आणि मी पैसेही भरलेत. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मी लगेच ‘बरं, नाही जात’ म्हटलं असतं. म्हणून पत्र.

बाबा, तुम्हाला आधी मालपा आठवणार. 1998 ची, यात्रेकरूंना गाडणारी ती दरड उत्तराखंडातल्या लिपुलेखच्या वाटेवरची. मी सिक्कीममधून, नथु-ला खिंडीवरून जातेय. तिकडे बहुतेक प्रवास गाडीनेच आहे. चालायचं ते परिक्रमेत, तीन दिवसांत 52 किलोमीटर. डोल्मा-ला खिंड तेवढी अवघड, 5,600 मीटरच्या वर. तिथे घोडा मिळतो, आणि मी घेणार आहे! यात्रा सरकारी, सोबत अधिकारी असतो. दिल्लीत तपासतात, सिक्कीममध्ये उंचीची सवय व्हावी म्हणून थांबवतात, पुन्हा तपासतात. नापास झाले तर मुकाट्याने घरी येईन.

तुम्ही अर्ज करणार होतात त्याच वर्षी, 2020 मध्ये, यात्रा बंद पडली. 2025 मध्ये सुरू झाली तोवर तुमची सत्तरी उलटली होती, आणि त्यापुढे घेत नाहीत. तुम्ही तेव्हा हसण्यावारी नेलंत. मला नाही नेता आलं. टोचावं म्हणून लिहीत नाहीये, बाबा.

आई, थर्मल घेतलेत, मेतकूट-भात होईल, तुझी शेंगदाण्याची चटणी आहेच. मानसरोवरात बुडी मारणार नाही, पायांवर पाणी घेईन. पुण्य थोडं कमी पडलं तर चालेल. एक कर, कापराची पुरचुंडी पाठव, फ्रॉकला आतून पिनेने लावायचीस ना, तशी. त्याने ऑक्सिजन वाढत नाही असं डॉक्टर सांगतात. नसू दे, मला तो वास जवळ हवाय.

तिबेटात फोन लागेलच असं नाही. नाही लागला तर रेंज नाही, एवढंच समजायचं. उगाच दादाला रात्री-अपरात्री उठवायचं नाही. आई, माझ्यासाठी सोळा सोमवार धरलेस तर बघ, तुझी शुगर आधीच वर आहे. माळ्यावर चढायचं नाही. बाबा, प्रेशरची गोळी जेवणानंतर, आठवेल तेव्हा नाही. बँकेत रिक्षाने जा, पैसे वाचवू नका.

आणि नागपूरच्या आत्याला मी परत आल्यावरच कळू दे.

तुमची,
छकुली